न्यूपोर्टचं सिनेगॉग: एका डॉलरचं भाडं

तोराची, म्हणजे ज्यूंच्या पवित्र धर्मग्रंथाची, गुंडाळी दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली असते. त्या दांड्यांच्या वरच्या टोकांवर चांदीचे दोन कळस बसवतात. हिब्रूत त्यांना रिमोनिम म्हणतात, म्हणजे डाळिंबं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट गावी अशी एक जुनी जोडी आहे. दीडेक वीत उंचीचे, एकावर एक चढत गेलेले चांदीचे जाळीदार गोळे, अधूनमधून सोन्याचा मुलामा आणि कडेने लोंबणाऱ्या बारीक घंटा. गुंडाळी उचलली की त्या घंटा किणकिणतात. ही जोडी घडवली मायर मायर्सने. हा अठराव्या शतकातला न्यू यॉर्कचा नावाजलेला चांदीकाम करणारा कारागीर, स्वतः ज्यू. त्याच्या हातच्या रिमोनिमच्या जोड्या आज बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

या जोडीला बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने ७४ लाख डॉलर देऊ केले. न्यूपोर्टच्या ज्यू मंडळाची तिजोरी तेव्हा रिकामी होत आली होती. आपल्याकडे दोन जोड्या आहेत, एक विकू आणि त्या पैशाच्या व्याजावर सिनेगॉग, म्हणजे आपलं प्रार्थनास्थळ, कायमचं चालवू, असा त्यांचा हिशोब. तेवढ्यात न्यू यॉर्कच्या शिअरिथ इस्राएल या मंडळाने हरकत घेतली. ही जोडी तुमची नाहीच, ती आमची आहे, आणि ज्या इमारतीत तुम्ही शंभर वर्षांहून जास्त काळ प्रार्थना करताय तीही आमची आहे. २०१२ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं.

माझं रोजचं काम सार्वजनिक न्यासांच्या कागदपत्रांचं. विश्वस्त वारला की चेंज रिपोर्ट, जागा घेतली की नोंद, वाद झाला की धर्मादाय आयुक्तांपुढे तारखा. त्यामुळे हे प्रकरण वाचायला घेतल्यावर मला ते खाली ठेववेना. एका छोट्या शहरातल्या मूठभर ज्यूंचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास त्यात कागदोपत्री उलगडत जातो. आणि प्रत्येक टप्प्यावर प्रश्न तोच येतो: माणसं निघून गेल्यावर त्यांनी बांधलेलं कोणाचं?

आधी दफनभूमी

रॉजर विल्यम्स या पाद्र्याला मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ वसाहतीने त्याच्या मतांपायी हद्दपार केलं. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. सरकारने कोणाच्या श्रद्धेत हात घालायचा नाही हे तिथलं मूळ तत्त्व. तीन वर्षांनी, १६३९ मध्ये, जवळच्या बेटावर न्यूपोर्ट उभं राहिलं. १६६३ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने वसाहतीला जी सनद दिली तिच्यात धर्मस्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेलं होतं.

इथले पहिले ज्यू सतराव्या शतकाच्या मध्यानंतर आले. त्यांच्या अस्तित्वाचा ठोस कागद १६७७ चा आहे. त्या वर्षी मॉर्डेकाई कॅम्पनाल आणि मोझेस पाचेको यांनी दफनभूमीसाठी जमीन घेतली. सिनेगॉग बांधायला पुढे ऐंशीहून जास्त वर्षं गेली. जगभर ज्यू समाज जिथे जिथे गेला तिथे क्रम बहुतेक असाच दिसतो. दहा पुरुष जमले की कोणाच्याही ओसरीवर प्रार्थना होते, मृताला मात्र जमीनच लागते.

१६८४ मध्ये वसाहतीच्या विधानसभेने ज्यूंच्या अर्जाला उत्तर दिलं: कायदा पाळाल तर इथे राहणाऱ्या इतर परक्यांना मिळतं तसं संरक्षण तुम्हालाही मिळेल. यात ‘परके’ हा शब्द महत्त्वाचा. संरक्षण होतं, बरोबरी नव्हती. ती गोष्ट पुढे एका व्यापाऱ्याला चांगलीच कळणार होती.

तो व्यापारी म्हणजे आरॉन लोपेझ. पोर्तुगालमध्ये त्याचं नाव दुआर्ते. बाहेरून ख्रिस्ती, घरात गुपचूप ज्यू. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीच्या, भीतीने पिढ्यान्‌पिढ्या असं जगणाऱ्या घरांपैकी एक घर. १७५२ मध्ये तो लिस्बनहून बायको-मुलीसह न्यूपोर्टला पोचला. इथे त्याने आरॉन हे नाव घेतलं, बायको ॲना झाली अबिगेल, आणि दोघांचं लग्न ज्यू रीतीने पुन्हा लागलं. वीस वर्षांत तो गावातला सगळ्यात मोठा जहाजमालक झाला. त्याचा सासरा जेकब रॉड्रिग्ज रिव्हेरा देवमाशाच्या डोक्यातल्या चरबीपासून मेणबत्त्या करण्याच्या धंद्यात होता. या मेणबत्त्या उजळ जळत, धूर कमी करत आणि वासही कमी, म्हणून अटलांटिकच्या दोन्ही काठांना त्यांची मागणी. १७६१ मध्ये मेणबत्तीवाल्यांनी एकत्र येऊन कच्च्या मालाचे भाव बांधून घेतले, त्या संघात रिव्हेरासारखे ज्यू आणि ब्राऊन घराण्यासारखे ख्रिस्ती व्यापारी शेजारी शेजारी सह्या करून होते.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण गावाचा गौरव सांगताना ती हमखास गाळली जाते. न्यूपोर्टची श्रीमंती रम आणि गुलामांच्या व्यापारावरही उभी होती. ऱ्होड आयलंडची जहाजं रम भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात, तिथून माणसं भरून वेस्ट इंडिजला आणि तिथून काकवी घेऊन परत. लोपेझ आणि रिव्हेरा यांची अशा सुमारे वीस सफरींत भागी होती. गावातले बाकीचे बडे व्यापारी हेच करत होते हे खरं, पण त्याने त्या जहाजांच्या तळघरात कोंबलेल्या माणसांना काही फरक पडत नव्हता. सिनेगॉगच्या विटांमध्ये तोही पैसा आहे.

१७६२ मध्ये लोपेझ आणि आयझॅक एलिझर यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. ब्रिटिश संसदेच्या १७४० च्या कायद्याप्रमाणे वसाहतीत सात वर्षं राहिलेल्या ज्यूला ते मिळायला हवं होतं. ऱ्होड आयलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने नकार दिला. ख्रिस्ती नसलेल्याला इथे पूर्ण नागरिक होता येत नाही म्हणून. लोपेझ सरळ शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये गेला. रॉजर विल्यम्सला हाकलून देणाऱ्या त्याच वसाहतीत, टाँटन गावच्या कोर्टाने, शपथेतले ‘ख्रिस्ती म्हणून’ हे शब्द वगळून त्याला नागरिक करून घेतलं. सनदेवर काय लिहिलंय आणि बाकावर बसलेला माणूस काय करतो यातलं अंतर मला रोज दिसतं. तरी हे वाचताना थांबायला झालं.

तीन नावांचं खरेदीखत

सिनेगॉगची जमीन १७५९ मध्ये घेतली गेली. खरेदीखत जेकब रॉड्रिग्ज रिव्हेरा, मोझेस लेव्ही आणि आयझॅक हार्ट या तिघांच्या नावावर झालं. मंडळाची नोंदणी वगैरे प्रकार तेव्हा नव्हता, तेव्हा व्यक्तींच्या नावावर घेणं हाच मार्ग. पैसा गावातून पुरला नाही. न्यू यॉर्क, जमैका, क्युरासाव, लंडन इथल्या ज्यू मंडळांकडे मदत मागितली गेली. न्यू यॉर्कचं शिअरिथ इस्राएल हे उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात जुनं मंडळ, १६५४ चं. त्यांनीही वर्गणी पाठवली.

आराखडा पीटर हॅरिसनने केला. गावातलं रेडवूड ग्रंथालय त्याचंच. तो ख्रिस्ती, आणि सिनेगॉग कसं असतं हे त्याला नव्याने समजून घ्यावं लागलं. ते त्याला बहुधा आयझॅक टुरो या हझानने सांगितलं असणार. टुरो ॲमस्टरडॅमच्या परंपरेतला, तरुण, नुकताच प्रार्थना चालवायला आलेला. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या मराठीत तोराच्या कपाटाला हेखाल आणि हझानच्या ओट्याला तेबा म्हणतात. न्यूपोर्टच्या सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेतल्या, मंडळींचे शब्दही तेच, म्हणून मी इथे तेच वापरतो.

बाहेरून इमारत अगदी साधी, विटांची, चौकोनी. रस्त्याच्या रेषेला ती समांतर नाही, तिरकी बसवलेली आहे, कारण हेखाल पूर्वेला, यरुशलेमच्या दिशेला हवं. आत गेलं की मात्र चित्र बदलतं. बायकांच्या सज्जाला पेलणारे बारा खांब, एकेक खांब एकेका झाडाच्या बुंध्यातून काढलेला. बारा कारण इस्राएलचे वंश बारा. सज्जाच्या वर आणखी बारा. छतावरून पितळी झुंबरं खाली आलेली. मध्यभागी तेबा, आणि तेबाच्या जमिनीत एक झडप, जिच्याखाली तळघरात उतरता येतं. ही झडप पळून जाण्याची वाट म्हणून ठेवली, पोर्तुगालची आठवण म्हणून, असं गावात सांगतात. पुरावा कुठे नाही. पण लोपेझसारख्या घरांतून आलेल्या माणसांना ही गोष्ट खरी वाटावी यात नवल नाही.

२ डिसेंबर १७६३ रोजी, हनुक्का या ज्यू सणाच्या दिवसांत, उद्घाटन झालं. गावचा ख्रिस्ती पाद्री एझ्रा स्टाइल्स, जो पुढे येल या उच्चशिक्षण संस्थेचा अध्यक्ष झाला, त्या दिवशी हजर होता. त्याने टिपून ठेवलंय: हेखालमध्ये चामड्यावर लिहिलेल्या तीन गुंडाळ्या होत्या, आणि त्यातली एक ॲमस्टरडॅमहून भेट आलेली, दोनशे वर्षं जुनी असल्याचं टुरोने त्याला सांगितलं. स्टाइल्स हा चौकस माणूस. तो हिब्रू शिकत होता, सिनेगॉगमध्ये येऊन बसत होता. हेब्रॉनहून आलेल्या हाईम कॅरिगल या राब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, पाहुण्याशी १७७३ मध्ये त्याची गाढ मैत्री झाली, इतकी की दोघं तासन्‌तास शास्त्रावर बोलत. ज्या गावाने लोपेझला नागरिकत्व नाकारलं त्याच गावात हेही घडत होतं.

पुढची तेरा वर्षं हाच काय तो भराचा काळ. १७७४ च्या गणनेत न्यूपोर्टची वस्ती ९,२०९ होती, त्यात ज्यू घरं पंचवीसेक. डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या आणि बंदर मेलं. लोपेझ मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्टरला गेला. १७८२ च्या मे महिन्यात न्यूपोर्टला परतताना वाटेत एका तळ्यावर घोड्याला पाणी पाजायला थांबला, गाडी खोल पाण्यात ओढली गेली आणि तो बुडाला. टुरो ब्रिटिशांच्या बाजूचा. त्यांच्याबरोबर न्यू यॉर्क, मग जमैका, आणि १७८३ मध्ये तिथेच मृत्यू. हार्टही ब्रिटिशांच्या बाजूचा. तो १७८० मध्ये लाँग आयलंडवर मारला गेला. सैनिकांनी गावातली कितीतरी लाकडी घरं सरपणासाठी पाडली. सिनेगॉग वाचलं कारण ते इस्पितळ म्हणून वापरात होतं. युद्धानंतर काही काळ राज्याची विधानसभा तिथेच भरत असे.

तीन मालकांपैकी एक, हार्ट, असा गेला. दुसऱ्याने, रिव्हेराने, मृत्युपत्रात जे लिहून ठेवलं त्यावर सव्वादोनशे वर्षांनी कोर्टात शब्दन्‌शब्द कीस पडला. त्याचा आशय असा: सिनेगॉगवर माझा एकट्याचा हक्क नाही. खरेदीखत माझ्या, लेव्हीच्या आणि हार्टच्या नावावर असलं तरी ते आम्ही न्यूपोर्टच्या ज्यू समाजासाठी, त्यांच्या सार्वजनिक प्रार्थनेसाठी, कायमसाठी केवळ विश्वस्त म्हणून धरलेलं आहे. माझ्या वारसांनी त्यावर हक्क सांगू नये.

किती नेकीने लिहिलंय! माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत असं एखादं वाक्य सापडलं तर मी तो दिवस चांगला गेला म्हणतो. पण त्यातच सगळी अडचणही दडलेली आहे. न्यूपोर्टचा ज्यू समाज. तो समाजच उरला नाही तर?

पत्र आलं आणि माणसं गेली

ऑगस्ट १७९० मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन न्यूपोर्टला आले. ऱ्होड आयलंडने नुकतंच, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, सगळ्यात शेवटी, राज्यघटनेला मान्यता दिली होती. ज्यू मंडळाच्या वतीने मोझेस सेइशास यांनी स्वागताचं पत्र दिलं. सेइशास म्हणजे मंडळाचे प्रमुख; बेने इस्राएलांच्या भाषेत मुकादम. त्यांनी लिहिलं की हे सरकार धर्मद्वेषाला मान्यता देत नाही आणि छळाला साथ देत नाही. वॉशिंग्टननी उत्तरात ते शब्द जसेच्या तसे उचलले आणि त्याला जोड दिली: एका वर्गाच्या मेहेरबानीने दुसऱ्याला त्याचे जन्मजात हक्क भोगायला मिळतात, अशी सहिष्णुतेची भाषा आता राहिली नाही. अब्राहामाच्या वंशजांपैकी प्रत्येकजण आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली निर्धास्त बसो, त्याला भय घालणारा कोणी नसो.

धर्मस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या घटनेतल्या पहिल्या दुरुस्तीला मंजुरी मिळायच्या एक वर्ष आधीचं हे पत्र. अमेरिकेतल्या ज्यूंसाठी ते सनदेसारखं आहे, आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये ते सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचलं जातं. एक खंत मात्र वाटते. पत्राची कीर्ती वॉशिंग्टनच्या नावावर जमा झाली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य गावातल्या मुकादमाचं आहे.

पत्र आलं तेव्हा समाज विरत चालला होता. व्यापार न्यू यॉर्ककडे सरकला, माणसं त्यामागे गेली. १८२२ मध्ये मोझेस लोपेझ हा शेवटचा ज्यू न्यूपोर्ट सोडून गेला. तोराच्या गुंडाळ्या आणि चांदी न्यू यॉर्कला शिअरिथ इस्राएलकडे सांभाळायला दिली गेली.

यापुढची साठ वर्षं मला या प्रकरणातली सगळ्यात हृद्य वाटतात. इमारतीची देखभाल बरीच वर्षं स्टीव्हन गूल्ड पाहत होता. हा क्वेकर ख्रिस्ती, गावातल्या जुन्या घरचा. ज्या धर्माचा एकही माणूस गावात नाही त्या धर्माचं प्रार्थनास्थळ दुसऱ्या धर्माचा शेजारी उघडतोय, झाडतोय, पाहुण्यांना दाखवतोय. पैसा आला आयझॅक टुरोच्या मुलांकडून. बाप गेल्यावर आईने त्यांना बॉस्टनला आपल्या भावाकडे आणलं, तिथेच ते वाढले. थोरला अब्राहम १८२२ मध्ये वारला. त्याने सिनेगॉगसाठी १०,००० डॉलर ऱ्होड आयलंडच्या विधानसभेच्या हवाली केले, आणि सिनेगॉगपासून दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी ५,००० डॉलर गावाला दिले. तो रस्ता आज टुरो स्ट्रीट आहे. धाकटा जूडा न्यू ऑर्लिन्सला व्यापारी झाला आणि १८५४ मध्ये निवर्तला. त्याच्या मृत्युपत्रात देशभरच्या ज्यू आणि ख्रिस्ती संस्थांना देणग्या होत्या. न्यूपोर्टला हझानच्या पगारासाठी आणि दफनभूमीसाठी १०,००० डॉलर. हझानचा पगार, आणि गावात प्रार्थनेला एकही माणूस नाही! त्याचं शव न्यूपोर्टला आणून पुरलं. लहानपणी सोडलेल्या गावात दोघं भाऊ मरणानंतर परतले. सिनेगॉगला टुरो हे नाव त्यांच्यामुळे.

न्यासाच्या दृष्टीने पाहिलं तर स्थिती अशी होती: निधी राज्याकडे, देखभाल गावाकडे, वस्तू न्यू यॉर्ककडे, जमिनीची मालकी मेलेल्या तिघांच्या विखुरलेल्या वारसांकडे, आणि लाभार्थी शून्य.

पुन्हा दहा पुरुष जमले

१८८० नंतर रशियन साम्राज्यातल्या हिंसाचारामुळे पूर्व युरोपातून ज्यूंचे लोंढे अमेरिकेत आले. काही घरं न्यूपोर्टला पोचली: शिंपी, फेरीवाले, छोटे दुकानदार. ते अश्केनाझी, लोपेझ-रिव्हेराच्या पोर्तुगीज परंपरेशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं. १८८३ च्या मे महिन्यात सिनेगॉग पुन्हा सुरू झालं. न्यू यॉर्कच्या संमतीने लंडनहून अब्राहम परेरा मेंडिस हे सेफार्दी राब्बाय आले आणि दहा वर्षं, १८९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी प्रार्थना चालवली. नव्या मंडळाने नाव घेतलं जेशुआत इस्राएल, म्हणजे जुन्या मंडळाचंच.

न्यू यॉर्कने इथे चपळाई केली. १८९४ मध्ये शिअरिथ इस्राएलने मूळ मालकांच्या वंशजांकडून जागेचे हक्क आपल्या विश्वस्तांच्या नावे लिहून घेतले. मेंडिस गेल्यावर राब्बाय कोण नेमायचा, कारभार कोणाचा, यावरून धुसफूस वाढत गेली. न्यूपोर्टच्या ज्यूंमध्येही तट पडले. न्यू यॉर्कने इमारतीला टाळं लावलं. गावातल्या काहींनी कुलूप काढून आत ठिय्या दिला. दोन्हीकडून दावे झाले. अखेर १९०३ मध्ये तडजोड झाली.

त्या तडजोडीचा गाभा एवढाच: जेशुआत इस्राएलने न्यू यॉर्कची मालकी मान्य करायची. मग न्यू यॉर्क त्यांना इमारत आणि तिच्यातलं सामानसुमान पाच वर्षांसाठी भाड्याने देईल. भाडं वर्षाला एक डॉलर. प्रार्थना मात्र शिअरिथ इस्राएलमध्ये होते त्याच स्पॅनिश-पोर्तुगीज रीतीने व्हायला हवी. म्हणजे लिथुएनिया-पोलंडकडून आलेल्या माणसाने लहानपणापासून ओठांवर असलेली चाल बाजूला ठेवायची आणि ॲमस्टरडॅमच्या चालीवर गायचं, हे भाडेकरारातलं कलम! १९०८ मध्ये करार पुन्हा पाच वर्षांसाठी झाला. पुढे मुदत संपली, कोणी काही विचारलं नाही, मंडळी प्रार्थना करत राहिली. १९४६ मध्ये सिनेगॉग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. त्याआधी १९४५ मध्ये केंद्र सरकारबरोबर जो करार झाला त्यातही जागा न्यू यॉर्कच्या विश्वस्तांच्या नावावर असल्याचंच लिहिलं गेलं.

एक डॉलर. भाडं इतकं नाममात्र असलं की भाडेकरूला आपण भाडेकरू आहोत हे विसरायला होतं. छप्पर आपण शाकारतो, दिवे आपण लावतो, मुलं वयात आल्याचे बार मित्झ्वा विधी इथे होतात, म्हणजे जागा आपली. मालक मात्र ते विसरत नाही. त्याच्याकडे कागद असतो.

दोन निकाल

न्यायाधीश जॉन मॅककॉनेल यांनी २०१५ मध्ये साक्षी ऐकल्या आणि मे २०१६ मध्ये निकाल दिला. तो पूर्णपणे न्यूपोर्टच्या बाजूने होता. त्यांनी सगळा इतिहास उलगडला. रिव्हेराच्या मृत्युपत्रावर बोट ठेवून ते म्हणाले की इमारत पहिल्यापासून न्यूपोर्टच्या ज्यूंच्या प्रार्थनेसाठीचा धर्मादाय न्यास आहे. न्यू यॉर्ककडे मालकी आली असली तरी ती विश्वस्ताची मालकी. विश्वस्ताने न्यासच नाकारला, लाभार्थ्यांच्या हिताची काळजी घेतली नाही, म्हणून त्याला दूर करून न्यूपोर्टच्या मंडळाला विश्वस्त नेमावं. रिमोनिमही मूळ न्यूपोर्टच्या मंडळाचे, न्यू यॉर्कला सांभाळायला दिलेले आणि परत आलेले, म्हणून न्यूपोर्टचेच. विकायला हरकत नाही.

न्यू यॉर्कने अपील केलं. ऑगस्ट २०१७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. निकालपत्र लिहिलं डेव्हिड सूटर यांनी. हे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, अपील न्यायालयात अधूनमधून बसत. त्यांचा मुद्दा छोटा आणि कठीण होता. दोन धार्मिक मंडळांचा वाद आहे. कोण खरा वारसदार, कोणाची परंपरा अस्सल, यात सरकारी न्यायालयाने शिरायचं नाही, घटना तशी मुभा देत नाही. मग पाहायचं काय? दोघांनी आपापसात केलेले करार. १९०३, १९०८, १९४५. तिन्हींत न्यू यॉर्क मालक आणि न्यूपोर्ट भाडेकरू. १९०३ च्या करारात इमारतीबरोबर आतलं सामानही आहे, त्यात रिमोनिम आले. न्यूपोर्टचं मंडळ मुदत संपल्यावरही राहिलेलं, वर्षावर वर्ष पुढे चाललेलं भाडेकरू, बस. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि ते तिथे संपलं.

मी दोन्ही बाजू बराच काळ मनात घोळवल्या. न्यायाच्या दृष्टीने मॅककॉनेल यांचं मला जास्त पटतं. ‘कायमसाठी’ हा शब्द रिव्हेराने लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर न्यू यॉर्कचं मंडळ नव्हतं, आपलं गाव होतं. आणि विश्वस्त उरले नाहीत म्हणून न्यास बुडत नाही, हे तर न्यासांच्या कायद्याचं पहिलं पान. पण सूटर यांना खोडून काढणंही सोपं नाही. न्यूपोर्टकरांच्या पणजोबांनी १९०३ मध्ये सही केली. त्या क्षणी ते थकलेले होते, इमारतीबाहेर होते, आणि आत जाण्याची किंमत म्हणून त्यांनी मालकी लिहून दिली. त्यात आणखी एकच ओळ असती, की ही मालकी न्यूपोर्टमध्ये राहणाऱ्या ज्यूंच्या लाभासाठीच्या न्यासाला अधीन आहे, तर पुढचं सगळं टळलं असतं. ती ओळ मागायला त्यांच्याकडे चांगला वकील नव्हता, किंवा मागितली आणि मिळाली नाही.

रिमोनिम विकण्याबद्दल मात्र माझं मत न्यूपोर्टच्या विरोधात जातं. देवस्थानाला अडचण आली की दागिन्यांकडे नजर जाते, हे मी पाहिलेलं आहे. संग्रहालय ती जोडी काचेआड उत्तम जपेल, हे खरं. पण रिमोनिम गुंडाळीवर बसवायचे असतात. काचेआड त्यांच्या घंटा वाजत नाहीत. न्यू यॉर्कनेही हाच आक्षेप घेतला होता, की पूजेच्या वस्तू विकायच्या नसतात. त्यांच्या बाजूचा हा एक मुद्दा मला मनापासून पटला.

निकालानंतर न्यू यॉर्कच्या मंडळाने राज्याच्या कोर्टात जेशुआत इस्राएलकडून जागेचा ताबा मागणारा दावा २०२२ मध्ये लावला. तुमच्या प्रार्थना थांबवायच्या नाहीत, तुम्ही याच, फक्त कारभार आमच्याकडे हवा, असं त्यांचं म्हणणं. न्यूपोर्टकरांच्या दृष्टीने ही हकालपट्टीच. टुरो बंधूंच्या कबरी तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहेत, त्यांच्याच पैशाने झालेल्या रस्त्याच्या वरच्या टोकाला.